मागे फिरायची शेवटची जागा

सांदण दरीतून आम्ही सगळे धडधाकट परत आलो. कुणाचं हाड मोडलं नाही, कुणाला उचलून आणावं लागलं नाही. त्यामुळे आमच्या गप्पांमध्ये तो ट्रेक आजही 'भारी झाला' म्हणूनच आठवला जातो, आणि दर वेळी मला अस्वस्थ व्हायला होतं. त्या दिवशी जे चुकलं ते दरीत उतरण्याच्या कितीतरी आधीपासून चुकत आलं होतं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या हातून झालं होतं.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे रतनगडाच्या कुशीत साम्रद हे गाव आहे. गावातून थोडं चाललं की सपाट पठारात एकदम खोल चीर पडलेली दिसते. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये उभ्या भेगा असतात. त्यांतलीच एखादी पाण्याने पिढ्यानपिढ्या पोखरत नेली की अशी घळ तयार होते. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कातळ, आणि मध्ये काही ठिकाणी इतकी कमी जागा की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. पावसाळ्यात पठारावरचं पाणी याच वाटेने कोकणात कोसळतं, त्यामुळे तेव्हा दरीत उतरायचा विचारही करायचा नसतो. एरवी सुरुवातीला पाण्याचे दोन डोह लागतात, मग घरांएवढ्या धोंड्यांवरून चढउतार, आणि त्यापुढे दोर लावून उतरायचे टप्पे. त्यांतला पहिला साधारण चाळीस-पंचेचाळीस फुटांचा. सगळे टप्पे संपल्यावर दरीच्या तळातून खाली शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाला जाता येतं, नाहीतर करोली घाटाने चढून पुन्हा साम्रदला.

बरेच लोक पहिल्या दोराच्या जागेपर्यंत जाऊन माघारी येतात, आणि तो एक सुंदर, पूर्ण दिवस असतो. ज्यांना पुढे जायचं असतं ते दोर दुहेरी करून उतरतात आणि खालून एक टोक ओढून दोर काढून घेतात, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागणार असतो. दोर खाली आला की वरची वाट संपली. मागे कातळ, पुढे आणखी कातळ. म्हणून पहिल्या टप्प्याचा माथा ही मागे फिरायची शेवटची जागा. हे मला पाठ होतं. त्याचा अर्थ मात्र मी मनावर घेतला नव्हता.

आमची पहिली चूक व्हॉट्सअ‍ॅपवर झाली. दिवाळीनंतर कॉलेजची सगळी मंडळी पुण्यात होती. कुणीतरी सांदणचा फोटो टाकला आणि तासाभरात सगळ्यांचे होकार आले. कुणाला पोहता येतं, कुणी आधी दोराने उतरलंय, कुणाला उंचीची भीती वाटते, असं एकानेही विचारलं नाही. पुढारी कोण, हेही ठरलं नाही. दोर माझा होता, एका क्लबबरोबर मी चारदोन ठिकाणी रॅपलिंग केलेलं होतं, म्हणून सगळ्यांनी मला पुढारी धरलं आणि मी ते धरू दिलं. क्लबबरोबर जाताना अँकर, म्हणजे दोराचा कातळातला आधार, दुसरं कुणी लावायचं, गाठी दुसरं कुणी तपासायचं, मी फक्त उतरायचो. उतरता येणं आणि उतरवता येणं यांतलं अंतर मला माहीत होतं. मित्रांमध्ये ते बोलून दाखवणं मला कमीपणाचं वाटलं. खरं तर त्या एका वाक्याने ट्रेकचा बेत बदलला असता.

दुसरी चूक साम्रदमध्ये. रात्रभर गाडी चालवून आलो होतो. पोहे, चहा, पुन्हा चहा करत सूर्य चांगला वर आला. ज्यांच्या अंगणात उतरलो होतो त्यांच्या ओळखीचा एक तरुण वाटाड्या म्हणून यायला तयार होता. आमच्याकडे मोबाईलवर ट्रॅक होता, म्हणून आम्ही त्याला नको म्हणालो. अरुंद दरीत आकाशाची पट्टीच तेवढी दिसते, तिथे जीपीएस भरकटतं, हे पुढे कळलं. त्या तरुणाने जाता जाता एवढंच सांगितलं, "दादा, आभाळ आलंय. लवकर उतरा, नायतर आज राहू द्या." आम्ही वर पाहिलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. आम्ही निघालो.

डोक्यावरचं आकाश पाहून घळीचा अंदाज बांधता येत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये 12 ऑगस्ट 1997 रोजी अचानक आलेल्या लोंढ्याने 11 जणांचा बळी घेतला. दरीवर पाऊस फारसा पडलाच नव्हता, तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला कोसळला होता. पाणलोटाचं पाणी गोळा होऊन दरीत शिरलं तेव्हा उतरलेल्यांना पळायला बाजूच नव्हती. ही घटना मी वाचलेली होती. सांदणच्या तोंडाशी उभं असताना ती मला आठवलीही नाही. त्या दिवशी पाऊस आला नाही. आम्ही वाचलो त्यात आमच्या निर्णयाचा वाटा काहीच नव्हता.

दुसऱ्या डोहात पाणी छातीपर्यंत होतं आणि बर्फासारखं गार. आमच्यातली एक मैत्रीण पाण्यात शिरताच गप्प झाली. तिला पोहता येत नव्हतं, हे आम्हाला तिथे कळलं. दोघांनी हात धरून तिला पार नेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पलीकडे ती थंडीने कुडकुडत उभी होती. कोरडे कपडे तिच्या सॅकमध्येच होते, पण सॅकमध्ये प्लास्टिकचं अस्तर नसल्यामुळे तेही भिजले होते. 'ठीक आहेस ना?' असं मी चालता चालता विचारलं. अशा विचारण्याला 'हो' सोडून दुसरं उत्तर येत नाही.

पहिल्या टप्प्याच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिथे थांबून एकेकाला विचारायला हवं होतं. तिथून सगळे परत फिरलो असतो तर संध्याकाळच्या आत गावात पोहोचलो असतो. त्याऐवजी मी घाईने दोर लावायला घेतला. सोबत एकच दोर होता. नवख्या माणसाला उतरवताना उतरायच्या दोराखेरीज दुसरा सुरक्षा दोर बांधून वरून सांभाळायचं असतं. आमच्याकडे तो नव्हताच. निदान उतरणाऱ्याचा दोर खालून कुणीतरी हातात धरून उभं राहावं, म्हणजे हात सुटला तरी दोर ताणून त्याला थांबवता येतं. पहिला उतरलेला मित्र खाली जाऊन फोटो काढत होता आणि त्याला हे सांगितलं पाहिजे हे मला सुचलं नाही. मैत्रीण कड्याच्या कडेवर आली, दोरावर भार टाकायची वेळ आली आणि ती गोठली. आम्ही वरून-खालून ओरडून धीर देत राहिलो. "काही होत नाही गं", "ये, आम्ही आहोत ना". सगळं प्रेमाने चाललं होतं, आणि त्या प्रेमाने तिची सुटायची वाट बंद केली होती. ती उतरली. खाली आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलली नाही. मी दोर ओढून घेतला.

दुसऱ्या टप्प्यावर दोर अडकला. शेवटचा माणूस उतरण्याआधी खालच्याने दोर थोडा ओढून तो सरकतो का ते बघायचं असतं, आणि शेवटच्याने दोन्ही पदरांचा पीळ सोडवून यायचं असतं. आम्ही दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. मी खालून ओढत गेलो. भिजलेला दोर जड झाला होता, जोर लावावा लागत होता, तरी दुसरं टोक आमच्या हाताबाहेर वर गेलं तिकडे मी लक्ष दिलं नाही. ते टोक हातात असेपर्यंत दोर उलटा ओढून पाहता येतो. ते गेलं, आणि मग दोर वर कुठेतरी खाचेत बसला. खाली अजून एक टप्पा बाकी होता आणि दरीत उजेड उतरणीला लागला होता.

यानंतर झालेली चूक सगळ्यांत मोठी. शाळेपासूनचा माझा एक मित्र म्हणाला, "मी चढून काढतो," आणि अडकलेला तोच दोर धरून चढायला लागला. वर दोर कशात अडकलाय, किती घट्ट अडकलाय, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्याला थांबवलं नाही. तो दोन पुरुष उंचीवर असताना दोर हातभर सरकला आणि पुन्हा थांबला. तो तसाच कातळाला चिकटून राहिला, मग हळूहळू पाय शोधत खाली आला. हात थरथरत होते, त्याचे आणि आमचेही. दोर आणखी सरकला असता तर खाली धोंडे होते. मला आजही त्या दिवसातलं हेच आठवून झोप उडते.

मग आम्ही थांबून राहिलो. पुष्कळ वेळाने वरून बोलणं ऐकू आलं. दरीच्या तळाशी मुक्काम करणारा एक ग्रुप उतरत होता आणि त्यांच्यासोबत सकाळचा तोच तरुण होता. त्याने कड्यावरून डोकावून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "दादा, दोर ओढू नका आता. हात सोडा दोराचा." त्याने खाचेतून दोर सोडवला, नीट गुंडाळून खाली दिला, आणि पुढच्या टप्प्यावर स्वतःचा दोर लावून आम्हाला एकेकाला उतरवलं, सुरक्षा दोरासह. सकाळची गोष्ट त्याने काढली नाही. ग्रुपचा मुक्काम लावून झाल्यावर तो बॅटरी घेऊन आमच्याबरोबर निघाला आणि अंधारात करोली घाटाने त्याने आम्हाला साम्रदला आणून सोडलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून मागून माणसं आली. मधल्या वारी गेलो असतो तर ती रात्र ओल्या कपड्यांत तिथेच काढावी लागली असती, आणि ती कुणाकुणाला झेपली असती हे मी सांगू शकत नाही.

आमच्या शोधात कुणी निघालंही नसतं. किती वाजेपर्यंत परतू आणि नाही परतलो तर कुणाला फोन करायचा, हे आम्ही ना घरी सांगितलं होतं ना गावात. 2003 मध्ये अ‍ॅरन राल्स्टन नावाचा अमेरिकन गिर्यारोहक यूटामधल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये एका दगडाने हात कातळाशी चेपला जाऊन 127 तास अडकून राहिला आणि शेवटी स्वतःचा हात कापून सुटला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच कळवलं नव्हतं. आमच्याकडे रेंज नव्हती, पण निघण्याआधी होती. एक निरोप पुरला असता. महाराष्ट्रात डोंगरात अडकलेल्यांसाठी अनुभवी गिर्यारोहक स्वयंसेवक धावून जातात, पण कुणीतरी त्यांना कळवल्याशिवाय तेही काही करू शकत नाहीत.

काही महिन्यांनी ती मैत्रीण मला म्हणाली, "मी पहिल्या डोहापाशीच नाही म्हणाले असते. पण तुम्ही सगळे इतके खुशीत होतात." अडकलेल्या दोरापेक्षा मला हे जास्त लागलं. तंत्राच्या चुका मी नंतर शिकून सुधारल्या. रीतसर शिबिर केलं, अँकर लावायला शिकलो, आता दोन दोर आणि दोर चढून जायचं साधन नेतो, निघायची आणि परतायची वेळ लिहून ठेवतो. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय दरीत उतरत नाही. त्याला दिलेले पैसे हा खर्च नाही, त्या दरीच्या माहितीचं ते मोल आहे. पण मित्रांच्या मेळाव्यात नकार अवघड होतो, ही गोष्ट कुठल्याही शिबिरात सुधारून मिळत नाही. तिथे कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचा आनंद मोडू नये म्हणून गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला आम्ही होकार समजतो.

म्हणून आता पहिल्या दोराच्या माथ्यावर मी दोर सॅकमध्येच ठेवतो. प्रत्येकाला बाजूला घेऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असं विचारतो, आणि एकाने जरी मान हलवून नाही म्हटलं तर सगळे परत फिरतात. कोण नाही म्हणालं हे मी कुणाला सांगत नाही. माझ्यावर विश्वास ठेवून दोराला लटकणाऱ्या माणसाला न लटकण्याची मोकळीक आधी देणं, हे दोर आणणाऱ्याचं पहिलं काम आहे. ते त्या दिवशी मी केलं नाही, याची माफी मी तिच्याकडे मागितली आहे.