गिरणगावात एक फेरफटका

मुंबईकर माथेरानला जातो, काश्मीरलाही जातो. पण सहल म्हणून करी रोडला उतरा असे कोणी सांगितले, तर तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. मी मात्र एका रविवारी मुद्दाम तेथे उतरलो आणि गिरणगाव पायांखाली घातले.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे हा सारा भाग भोंग्यावर उठला आणि भोंग्यावरच निजला. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. त्यांतले पुष्कळजण पुन्हा आत गेलेच नाहीत.

आज फिनिक्स मिलची चिमणी उभी आहे, पण तिच्या पायथ्याशी झगमगीत दुकाने आहेत. कमला मिलच्या आवारात जाहिरातवाल्यांच्या कचेऱ्या आणि उपाहारगृहे, तर रघुवंशी मिलच्या जुन्या शेडांत घर सजवण्याच्या वस्तू. तरुण मंडळी कॉफीचे पेले घेऊन नव्या कल्पना लढवीत बसलेली. दृश्य प्रसन्न आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

पण कला या वस्तीत आता आली, असे कोणी म्हणेल तर मला ते पटणार नाही. एकेका गाळ्यात गावची पंधरावीस माणसे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि उरल्या वेळात भजन, नमन, नाटक यांच्या तालमी करीत. नारायण सुर्वे गिरणी कामगाराच्या घरी वाढले. अण्णा भाऊ साठे यांनी गिरणीत काम केले. येथल्या ज्या रस्त्याला ना. म. जोशींचे नाव आहे, त्यांनीच १९११ मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगारांच्या नाटकांचे माहेरघर होते. पुनर्बांधणीसाठी ते २०२३ मध्ये बंद झाले.

खरा प्रश्न जागेचा. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांना द्यावा, असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. वाटा साहजिकच आक्रसला.

एका चाळीपाशी बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "काका, कोणत्या खात्यात होतात?" मी विचारले.

"मागावर. पाळी सुटली की थेट तालमीला. राजाचं काम करायचो!" ते हसले. "नातूसुद्धा गिरणीतच लागलाय म्हणा ना. कमला मिलमध्ये जाहिराती करतो."

"मग जवळच राहत असेल?"

"इथं कुठलं परवडायला? दिव्याला राहतो. तालमीला त्याला वेळच नाही. शेवटची गाडी गाठायची असते."

वाचकहो, तुम्हीही तेथे अवश्य जा, कॉफी प्या, चिमणीपाशी फोटो काढा. पण तुम्हाला पेला आणून देणाऱ्या पोराला एवढे विचारा: "बाळ, राहतोस कुठे?" गिरणगाव कोठवर गेले आहे, ते त्याच्या उत्तरावरून कळेल.