जुन्या गाडीचे मोल

संकोच हा सद्गुण होय, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. परंतु २०२५ च्या दिवाळीत जुनी मोटारसायकल देऊन नवी घेण्याचा प्रसंग आला, आणि या सद्गुणापायी बाजारात पदरचे मोजावे लागते, हे मला कळून आले.

सुलतानपूर-लोणार रस्त्यावर त्या गाडीने चौदा वर्षे माझी सोबत केली होती. गावातील मिस्त्रीने तिचे बारा हजार सांगितले, ते माझ्या मनाला लागले. जवळच्या शहरातील एका विक्रेत्याने मात्र तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून अठरा हजार देऊ केले. "प्राध्यापकांची गाडी; ठेवणच निराळी!" असेही तो म्हणाला. मी विरघळलो.

मग दरपत्रक आले. २२ सप्टेंबरपासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. सरकारने केलेली ही घट तेथे 'आमची खास सवलत' म्हणून मिरवत होती. त्याखाली हाताळणी खर्च २,५००, शोभेचे सामान ३,२०० आणि हेल्मेट १,३००. वास्तविक नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट उत्पादकानेच पुरवावे, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. तो मला ठाऊकही होता. पण अठरा हजार देणाऱ्या माणसाशी तेराशेंसाठी हुज्जत कशी घालावी?

सोबत शेजारचे आबा होते. उपरण्याखाली बोटे दाबून बैलांचे भाव ठरवण्यात त्यांची हयात गेलेली. ते माझ्या कानाशी लागले, "सर, जुनं जनावर अन् नवं जनावर एका दाव्याला बांधू नका. नव्याचा भाव आधी पक्का करा. जुन्याचं मंग बोला."

जुनी गाडी द्यायचीच नाही, असे मी सांगितले. घटकाभरात सात हजारांच्या त्या तिन्ही रकमा गळून पडल्या. नवीचा भाव ठरल्यावर जुनीची गोष्ट पुन्हा काढली, तेव्हा अठराचे अकरा हजार झाले, आणि नाव बदलण्याच्या कोऱ्या नमुन्यांवर माझी सही मागण्यात आली. गाडी पुढे कोणाकडे जाणार, या प्रश्नाला उत्तर नव्हते. दप्तरी नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. स्तुतीच्या भरात मी ती सही केलीही असती, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

शेवटी गावातीलच एका शेतकऱ्याच्या मुलाने ती बारा हजारांना घेतली. बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात नाव बदलूनच आम्ही परतलो. मिस्त्रीचा भाव खरा ठरला. वरचे सहा हजार गाडीचे नव्हतेच. ते माझ्या अभिमानाचे होते, आणि ते माझ्याच खिशातून वसूल करण्याची तजवीज आधीच झालेली होती.

संध्याकाळी ती गाडी दारावरून जाते, तेव्हा तिचा आवाज मी अजून ओळखतो. मात्र कोणी माझी स्तुती करू लागला, की आता मी आधी खिसा चाचपून पाहतो.