चासीचं तेल

आज डोक्यात एकच विषय: फँटम २ च्या चासीला कुठलं तेल घालावं? १९२९ साली आलेल्या या रोल्स-रॉइसमध्ये बिजूर पद्धतीची मध्यवर्ती वंगणव्यवस्था आहे. पायाने पंप दाबला की बारीक नळ्यांतून तेल चासीच्या सांध्यांकडे निघतं. प्रत्येक सांध्याआधी सुईच्या अग्रासारखं छिद्र असलेला मापक असतो. वाटणी तोच करतो. तेल फार घट्ट असेल तर थंडीत तिथेच अडतं, फार पातळ असेल तर सगळं गॅरेजच्या फरशीवर.

यासाठी गिअर ऑइलचं नाव काढलं की त्यावरचा ९० आकडा बघून लोक दचकतात. खरं तर दाटपणात ते इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपासच असतं, मोजपट्टी तेवढी वेगळी. मला धास्ती आहे ती जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमधल्या गंधकयुक्त रसायनांची, कारण पितळ-ब्राँझच्या बुशांना ती मानवत नाहीत.

महागडं सिंथेटिक इथे निव्वळ चैन! गेलेलं तेल परत येतच नाही, मग त्याच्या दीर्घायुष्याचे पैसे कशाला मोजायचे? त्यापेक्षा पंपातली फेल्टची गाळणी बदलावी. ती तुंबलेली असेल तर कुठलंही तेल पुढे सरकणार नाही.