संकलकाची दृष्टी : वा. गो. आपटे आणि ‘आनंद’

मराठी समीक्षेने कवी, कादंबरीकार आणि टीकाकार यांच्या कारकिर्दींचा जेवढा विचार केला, तेवढा संपादकाच्या आणि संकलकाच्या कारकिर्दीचा केलेला नाही. त्यातही संपादक मुलांच्या मासिकाचा असला, तर ‘बालवाङ्मयाची सेवा’ अशा गौरवपर शब्दांवर त्याची बोळवण होते आणि त्याच्या निवडीमागील वाङ्मयीन भूमिका तपासण्याचे राहून जाते. वासुदेव गोविंद आपटे (१८७१-१९३०) यांच्या वाट्याला बव्हंशी हेच आले.

आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केले. त्यापूर्वी, १८८१ पासून, विनायक कोंडदेव ओक ‘बालबोध’ चालवीत होते. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा त्याचा ठरीव साचा होता आणि लेखनाचा भार मुख्यतः ओकांनी एकट्यानेच वाहिला. त्या मासिकाच्या नावातून सूचित होणारा वाचक हा प्रथम विद्यार्थी आहे. ‘आनंद’ या नावाने वाचनाचे प्रयोजनच वेगळे मांडले. अर्थात बोध त्यामुळे हद्दपार झाला नाही. रामायण, महाभारत, भागवत यांच्या आपटेकृत बालावृत्त्या पाहिल्या तरी संस्काराची चिंता त्यांनी सोडलेली नव्हती, हे उघड आहे.

मात्र याच आपट्यांनी मराठीतील संप्रदाय व म्हणी यांचा संग्रह केला आणि १९२२ मध्ये ‘मराठी शब्दरत्नाकर’ सिद्ध केला. कोशकार आपटे आणि बालमासिकाचे संपादक आपटे यांचा विचार वेगवेगळ्या प्रकरणांत करण्याची आपली सवय येथे अडचणीची ठरते. भाषेतील काय जतन करावयाचे आणि पुढच्या पिढीच्या हाती काय द्यावयाचे, हा एकच प्रश्न दोन्ही कामांच्या मुळाशी आहे. वर्णानुक्रमात बसविलेला वाक्प्रचार टिकतो, पण प्रसंगापासून तुटतो. मुलांच्या गोष्टीत त्याला तो प्रसंग पुन्हा लाभतो.

या निवडीची मर्यादा पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणाहून अधिक स्पष्ट दिसते. ‘आनंद’ निघाले तेव्हा हा चांदा जिल्ह्याचा वनप्रदेश मध्यप्रांतात होता. येथील झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’ ‘डोरा’ होतो. शिवाय काही घरांत मराठीच्या आधी गोंडी कानांवर पडते. धानाच्या बांध्या, मोहफुलांची वेचणी, तेंदूपत्त्याचा हंगाम यांतून ज्याचा शब्दसंग्रह घडतो, त्या मुलाला प्रमाण मराठीतील बालमासिक वाचावयाचे म्हणजे आधी एक भाषांतर करावे लागते. ते त्याने केल्याची दखल कोठेही घेतली जात नाही. उलट, त्याचा उच्चार तेवढा अशुद्ध ठरतो. ज्या पानावर इतरांना आनंद मिळावा अशी अपेक्षा असते, तेथे या मुलाची परीक्षा सुरू होते.

याचा दोष शतकापूर्वीच्या एका संपादकाच्या माथी मारणे अनैतिहासिक होईल. प्रमाण मराठी घडविणे ही त्या काळाची गरज होती आणि आपटे त्या कार्यातील एक कष्टाळू कर्ते होते. पुढे गोपीनाथ तळवलकर यांनी ‘आनंद’ची धुरा दीर्घकाळ वाहिली, यावरूनही त्यांनी घातलेला पाया किती पक्का होता, हे ध्यानात येते. झाडीबोलीच्या बाबतीत शब्दसंकलनाचे काम डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केले. त्यामुळे उपेक्षित शब्दांना कोशात प्रतिष्ठा मिळाली. आपट्यांच्या कारकिर्दीचा दाखला येथे उपयोगी पडतो. कोशात आलेला शब्द मुलांच्या पानावरही यावा लागतो. तो तेथे आला नाही, तर अभ्यासकांना तो सापडत राहील, पण बोलणाऱ्याच्या मुलाला त्याची लाजच वाटत राहील.

म्हणून बालनियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादकांची नामावली आणि अंकांची मोजदाद पुरेशी नाही. कोणता बालवाचक गृहीत धरून निवड झाली आणि कोणाचे शब्द त्या निवडीबाहेर राहिले, याची नोंद त्या इतिहासात असावयास हवी.