तीन वर्षांची बी.कॉम. पुरते का?

बारावीचा निकाल लागला की पिंपळनेरच्या माझ्या कार्यालयात आई-वडील मुलांना घेऊन येतात. आसपासच्या सोसायट्या, पतसंस्था आणि दुकानदारांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय, म्हणून सल्लाही इथेच मागतात. "भाऊ, पोरले आखो एक वरीस शिकाडू का?" नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते, चौथं केलं तर पुढचं एम.कॉम. एका वर्षात होतं. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी मात्र धुळ्यातली खोली आणि फी घरावर किती जड होते, हे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच दिसतं.

तीन वर्षं पुरतात, असं मी सांगतो. अट एकच: त्या तीन वर्षांत मुलाने किंवा मुलीने कुणाच्या तरी खऱ्या वहीवर काम केलेलं असावं.

माझ्याकडे येणाऱ्या पदवीधरांना ताळेबंदाची व्याख्या पाठ असते. त्यांच्यापुढे कृषी सेवा केंद्राचं एकच बिल ठेवलं की ते अडखळतात, कारण त्यात रासायनिक खताला 5 टक्के जीएसटी आणि कीटकनाशकाला 18 टक्के. ताज्या कांद्याला तर जीएसटीच नाही. कांद्याची हिशेबपट्टी हातात दिली तर हमाली आणि तोलाई कुठून वजा झाली ते सापडत नाही. भाजीपाल्याची आडत 2016 पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असते, हे ज्याच्या वडिलांच्या पट्टीवर वर्षानुवर्षं आडत कापली गेली, त्या मुलालाही ठाऊक नसतं. ही उणीव वर्गात आणखी एक वर्ष बसून भरत नाही.

राज्याच्या आराखड्यात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, त्याला चार श्रेयांक. एका श्रेयांकाला तीस तास धरले तर 120 तास होतात, म्हणजे रोज आठ तासांनी पंधरा दिवस. पंधरा दिवसांत पतसंस्थेतली माणसंसुद्धा ओळखीची होत नाहीत. सी.ए.च्या विद्यार्थ्यांची आर्टिकलशिप 2023 मध्ये तीन वर्षांवरून दोनवर आली. तरीही दोन वर्षं! त्या परीक्षेचा दरारा पुस्तकांइतकाच या उमेदवारीवर उभा आहे.

एका वर्षाच्या एम.बी.ए.ची जाहिरात पाहून कुणी विचारतं, मग तीही चालेल ना? फ्रान्समधल्या इन्सियाडने असा छोटा अभ्यासक्रम फार पूर्वी सुरू केला, हैदराबादच्या आयएसबीत तो 2001 पासून आहे. पण तिथे प्रामुख्याने काही वर्षं नोकरी केलेली माणसं जातात. त्यांचं एक वर्ष वाचतं, कारण ते त्यांनी कामावर आधीच घालवलेलं असतं. पदवीच्या दुसऱ्या दिवशी तसाच छोटा अभ्यासक्रम विकत घेणाऱ्याला मी सरळ नको म्हणतो.

आपल्या भागाला खरी उपयोगी वाट दुसरीच आहे आणि तिच्याकडे फार कमी मुलं वळतात. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका. सहकार कायदा, लेखांकन, लेखापरीक्षण असे विषय, परीक्षा मराठीतून देता येते, खर्च बेताचा. पण पदवी आणि ही पदविका मिळाली की लगेच प्रमाणित लेखापरीक्षक होता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 मध्ये संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान, अशा अटी आहेत. कायदा करणाऱ्यांना जे उमगलं, ते आपल्या महाविद्यालयांच्या वेळापत्रकात उतरायला हवं.

म्हणून चौथ्या वर्षाचे पैसे हाताशी असतील तर आधी पहिल्या तीन वर्षांच्या सुट्ट्या वापरा, असं मी पालकांना सांगतो. मुलींना तर आवर्जून. त्यांना दुकानात बसायला घरचे सहज पाठवत नाहीत आणि त्यामुळे हुशार मुली मागे राहतात.

उरलेलं काम आपल्या गावातल्या व्यापाऱ्यांचं आणि संस्थाचालकांचं. मार्चअखेरीला तुमच्या पेढीत, सोसायटीत वाणिज्य शाखेचे दोन विद्यार्थी बसवा. त्यांना फक्त झेरॉक्स काढायला लावू नका, खतावणी त्यांच्या हातात द्या, आणि महिन्याअखेरीस थोडं का होईना, मानधन द्या.