थांबलेल्या चेंडूचे कसब
फुटबॉलमध्ये नियम मोडला गेला की पंच शिट्टी वाजवतो आणि समोरच्या संघाला बहुधा त्याच जागेवरून चेंडू मारायला देतो. हीच फ्री किक. चेंडू स्थिर हवा, प्रतिस्पर्धी किमान 9.15 मीटर दूर हवेत, आणि दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत मारणाऱ्याने चेंडूला पुन्हा पाय लावायचा नाही.

ढकलणे, पाडणे, चेंडू हाताने अडवणे अशा गुन्ह्यांना थेट फ्री किक मिळते. तिच्यावर सरळ गोल करता येतो. बचाव करणाऱ्याने हेच आपल्या पेनल्टी क्षेत्रात केले तर पेनल्टी. ऑफसाइडला, किंवा सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलरक्षकाने हातात घेतला तर (ही बंदी 1992 पासूनची) अप्रत्यक्ष फ्री किक. तेव्हा पंच हात वर धरतो, आणि चेंडू आणखी कुणाला लागल्याशिवाय गोल धरला जात नाही.

ही भरपाई पुरती पडतेच असे नाही. खेळ थांबल्याचा फायदा बरेचदा चूक करणाऱ्यालाच होतो, कारण विस्कटलेला बचाव तेवढ्यात सावरतो. म्हणूनच लगेच चेंडू मारण्याची मुभा फार मोलाची आहे. डिसेंबर 2004 मध्ये चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेक गोलासमोर आपल्या खेळाडूंची भिंत लावत असतानाच आर्सेनलच्या तिएरी आन्रीने पंचाच्या परवानगीने चेंडू जाळ्यात धाडला. तो गोल पूर्णपणे न्याय्य होता.

भिंत उभी राहिली की खरी कसोटी पायाची. चेंडूला मध्यापासून जरा बाजूला फटका बसला की तो गरगरतो, त्याच्या दोन्ही अंगांच्या हवेचा वेग वेगळा होतो आणि वाट वळते. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. 3 जून 1997 रोजी लियाँमध्ये ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने, सुमारे 35 मीटरवरून मारलेला चेंडू भिंतीच्या उजवीकडून बाहेर चालला होता. तो आत वळला आणि खांबाला लागून गोलात गेला. फ्रान्सचा गोलरक्षक बार्तेझ जागचा हललाही नाही. ब्राझीलच्याच जुनिन्यो पेर्नाम्बुकानोची रीत अगदी उलट: चेंडू जवळजवळ न फिरवता मारायचा, म्हणजे तो हवेत डळमळतो. ही रीत अधिक अवघड, कारण फटका किंचित बाजूला बसला तरी चेंडू फिरू लागतो.

भिंतीतले खेळाडू उडी मारतात हे हेरून बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्योने 2006 मध्ये वेर्डर ब्रेमेनविरुद्ध चेंडू त्यांच्या पायांखालून सरपटत नेला. आता अनेक संघ भिंतीमागे एक खेळाडू आडवा झोपवतात. शिवाय 2019 पासून तीन किंवा अधिक जणांच्या भिंतीपासून आक्रमक खेळाडूंना किमान 1 मीटर दूर राहावे लागते, त्यामुळे भिंतीतली धक्काबुक्की बरीच कमी झाली.