औंढ्याच्या माळावर

बी.एस्सी.च्या एका मुलीनं आज विचारलं, "सर, गुरुत्वीय लहरींवर पीएच.डी. करायची तर परदेशातच जावं लागतं का?" दिवसभर मन तिथंच घुटमळलं.

तिच्या गावापासून औंढा नागनाथ फार लांब नाही. तिथंच या लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 साली केंद्रानं तिला 2,600 कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात पोकळी, टोकाला टांगलेले आरसे. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशकाळातला तरंग, गेली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी आखडते. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेत पहिली लहर टिपली, तेव्हा हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता!

एवढा क्षीण संकेत गोंगाटातून वेचायचा कसा, याचं गणित पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून मांडत होते. तेव्हा लहर कुणीच टिपली नव्हती. या चिकाटीपुढं मी नतमस्तक होतो.

आणि या वेधशाळेचं काम नुसतं सापेक्षता सिद्धांताचं नाही. लेझर, आरशांचे लेप, भूकंपमापन, संगणन, सगळ्यांत संशोधक लागणार. आयुका, बंगळुरूचं आयसीटीएस, मुंबईची आयआयटी, दारं इथंच आहेत.

मराठवाड्यातल्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: एम.एस्सी.च्या मुलांना नेट परीक्षेबरोबर पीएच.डी. प्रवेशाच्या 'जेस्ट' परीक्षेचाही अर्ज भरायला लावा.